प्रश्न वाचकांचे : कृष्णवर्णीयांची महाविद्यालये, संगणकाच्या नोकऱ्या आणि गोव्यातले वर्ग

अमेरिकेतल्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांतून (तिकडे त्यांना थोडक्यात ‘एचबीसीयू’ म्हणतात) मुले संगणक क्षेत्रात कशी पोहोचतात, आणि त्यातले गोव्यात काय उपयोगी पडेल, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. काही पत्रे लांबीमुळे संक्षिप्त केली आहेत.

कृष्णवर्णीयांसाठी वेगळी महाविद्यालये म्हणजे भेदभावच नाही का? आता तर तिथे कुणालाही कुठेही प्रवेश मिळतो. मग ही महाविद्यालये चालू ठेवण्याचे कारण काय?
– एक वाचक, मडगाव

हे वेगळेपण या महाविद्यालयांनी मागून घेतलेले नाही. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. पेनसिल्व्हेनियातले चेनी १८३७ साली निघाले, ते यातले सर्वांत जुने. पण खरी रीघ लागली ती १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर. वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि अटलांटाचे मोअरहाउस १८६७ मध्ये, व्हर्जिनियातले हॅम्प्टन १८६८ मध्ये, मुलींचे स्पेलमन आणि अलाबामातले टस्कीगी १८८१ मध्ये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केले, तेव्हा तिकडे यातल्या काही संस्था जेमतेम पाच-सहा वर्षांच्या होत्या.

पुढे १८९० च्या कायद्याने राज्यांना सांगितले, की सरकारी कृषी-तांत्रिक महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी दुसरे काढा. दक्षिणेने दुसरे काढले. त्या कायद्याखालच्या १९ संस्था आजही चालू आहेत. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी ही त्यातलीच. अमेरिकेत सर्वाधिक कृष्णवर्णीय अभियंते तिथून बाहेर पडतात. ‘एचबीसीयू’ ही कायद्यातली व्याख्या १९६५ ची आहे : १९६४ पूर्वी स्थापन झालेली, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी काढलेली संस्था. अशा साधारण शंभर संस्था आहेत.

या संस्थांनी इतरांना दार कधी बंद केलेले नाही. हॉवर्डच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत संस्थापकांच्या गोऱ्या मुली होत्या. आज या सगळ्या संस्थांतले जवळपास चौथा हिस्सा विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत.

राहिला ‘कुठेही प्रवेश मिळतो’ हा मुद्दा. प्रवेश मिळतो हे खरे, पण टिकणे वेगळे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी साधारण दहातला एक या महाविद्यालयांत जातो. मात्र विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडी झालेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांची यादी पाहिली, तर साधारण चारातल्या एकाची पहिली पदवी इथली निघते. कमी पैशांत, जुन्या प्रयोगशाळांत हे होते. तेव्हा पाहायचे ते पहिल्या दोन वर्षांत वर्गात काय घडते याकडे.

गूगल, ॲपल, आयबीएम यांनी या महाविद्यालयांना कोट्यवधी डॉलर दिल्याच्या बातम्या वाचतो. त्याचा खरेच उपयोग झाला का?
– एक निवृत्त बँक अधिकारी, पणजी

थोडा झाला. बातम्यांत दिसतो तेवढा नाही.

२०१४ साली गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांची वर्गवारी पहिल्यांदा जाहीर केली. तांत्रिक कामांत कृष्णवर्णीय १ टक्का निघाले. त्याच्या आदल्या वर्षापासून कंपनी आपले अभियंते हॉवर्डसारख्या ठिकाणी पाठवून पहिल्या वर्षाचे प्रोग्रामिंग शिकवत होती. २०१७ मध्ये तिने हॉवर्डचे २६ विद्यार्थी उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या आपल्या आवारात शिकायला नेले. पुढच्याच वर्षी तो उपक्रम पूर्ण शैक्षणिक वर्षाचा झाला आणि इतर महाविद्यालयांनाही खुला झाला. हा बदल आम्हाला महत्त्वाचा वाटतो. बारा आठवड्यांत मुलाला कंपनी दिसते, पण डेटा स्ट्रक्चर (संगणकात माहिती रचून ठेवण्याच्या पद्धती) अंगवळणी पडायला दोन सत्रे लागतात. शिवाय ज्या मुलाच्या उन्हाळी मजुरीवर पुढच्या सत्राची फी अवलंबून आहे, त्याला ‘फुकट शिकायला ये’ म्हणून भागत नाही. राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली कमाई भरून द्यावी लागते. आणि तिथले श्रेयांक मूळ महाविद्यालयाने मान्य करायला हवेत. ते आधी लेखी ठरले नाही, तर मुलाचे पदवीचे वर्ष लांबते.

रकमा वाचताना शब्द नीट पाहावेत. आयबीएमने २०२० मध्ये या महाविद्यालयांसाठी १० कोटी डॉलर जाहीर केले. ती रक्कम मुख्यतः तंत्रज्ञान, साधने आणि प्रशिक्षण यांची किंमत धरून होती, रोख नव्हे. गूगलने २०२१ मध्ये १० संस्थांना मिळून ५ कोटी डॉलर दिले, म्हणजे प्रत्येकी ५० लाख. अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० मध्ये दिलेल्या देणग्या वेगळ्या होत्या. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यूला ५ कोटी, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीला साडेचार कोटी, आणि खर्च कशावर करायचा याची अट नाही. प्राचार्याला विचारा. अट नसलेला एक रुपया अट असलेल्या दोन रुपयांपेक्षा उपयोगी पडतो, कारण शिक्षकाचा पगार, वसतिगृहाची गळती आणि मुलाची थकलेली फी कुठल्याच योजनेच्या नावात बसत नाही.

आता दुसरी बाजू. २०२३ साली अमेरिकेच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. १९८७ ते २०२० या काळात त्या राज्यांनी १८९० च्या कायद्याखालच्या आपल्या संस्थांना, बरोबरीच्या गोऱ्या संस्थांच्या तुलनेत, मिळून १२०० कोटी डॉलरहून जास्त कमी दिले, असा त्यांचा हिशेब होता. या आकड्याशेजारी कंपन्यांच्या देणग्या ठेवून पाहा. त्यातच २०२५ च्या सुरुवातीला मेटा आणि गूगल यांनी विविधतेची भरती-उद्दिष्टे सोडून दिली. कंपनीचा उत्साह शेअर बाजाराबरोबर आणि सरकारबरोबर हलतो. महाविद्यालयाने त्याचा फायदा जरूर घ्यावा, पण नेहमीचा खर्च त्यावर टाकू नये.

नासामध्ये हाताने गणिते करणाऱ्या कृष्णवर्णीय महिला अशाच महाविद्यालयांत शिकल्या होत्या का?
– इयत्ता अकरावी, म्हापसा

हो. कॅथरिन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेटच्या, डोरोथी व्हॉन विल्बरफोर्सच्या, मेरी जॅक्सन हॅम्प्टनच्या. तिघीही नोकरीला लागण्यापूर्वी शिक्षिका होत्या. व्हॉन पुढे स्वतः फोर्ट्रान ही संगणकाची भाषा शिकल्या आणि हाताखालच्या बायकांनाही शिकवली, कारण यंत्र आले की हाताचे गणित जाणार हे त्यांनी ओळखले होते.

मी सत्तरीच्या बाजूला एका महाविद्यालयात बीसीएला शिकवते. वर्गात ६० मुले. निम्मी पहिल्या सत्रात प्रोग्रामिंगमध्ये अडकतात. बरीच मुले प्राथमिक मराठीतून शिकलेली, पाचवीपासून इंग्रजी. जादा तास ठेवले तर जी यायला हवीत तीच येत नाहीत. कृष्णवर्णीय महाविद्यालयांकडून नेमके काय उचलावे?
– एक प्राध्यापिका

तुमचे शेवटचे वाक्यच उत्तराची सुरुवात आहे. ‘जादा तास’ म्हटले की तो कच्च्यांचा वर्ग ठरतो, आणि अठरा वर्षांचे मूल स्वतःच्या पायांनी कच्च्यांच्या वर्गात जाऊन बसत नाही.

बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन या गणितज्ञाने नेमके हेच तपासले. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुले का मागे पडतात? तयारी कमी, घरचे लक्ष नाही, अशी नेहमीची कारणे टिकली नाहीत. फरक एवढाच दिसला, की ही मुले मान मोडून पण एकेकटी अभ्यास करत होती, तर चिनी वंशाची मुले घोळक्याने बसून एकमेकांची चूक काढत होती. ट्राइसमनने मग कच्च्यांचा वर्ग न काढता उलट केले : नेहमीपेक्षा अवघड गणिते, छोटे गट, आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास. निकाल फिरला. बर्कली काही कृष्णवर्णीयांचे महाविद्यालय नव्हे, पण तिथे हे शोधावे लागले, आणि न्यू ऑर्लिन्सच्या झेवियरसारख्या ठिकाणी अशा गोष्टी रोजच्या कामाचाच भाग होत्या. वैद्यकीय पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संख्येत झेवियर वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. सर्वांनी मिळून एकच टिपण आणि एकच सरावसंच ठरवला. सरांप्रमाणे विषय बदलायचा थांबला.

तुमच्या ६० मुलांसाठी हे असे बसवता येईल. सात-आठ मुलांचे आठ गट करा. गटनायक दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असावा. पहिला नंबर काढणारा नको. जो पहिल्या सत्रात धडपडला आणि मग चांगल्या गुणांनी सुटला, तो शोधा. त्याला नेमके कुठे घसरतो ते आठवते. आठवड्यातून दीड-दीड तासाच्या दोन बैठका, आणि तुम्ही गटनायकांबरोबर एक तास. त्या तासात पुढच्या आठवड्याची गणिते ते तुमच्यासमोर सोडवतील. गटनायकाने उत्तर सांगायचे नाही, पेन हातात घ्यायचे नाही, फक्त ‘ही ओळ काय करते?’ असे विचारत राहायचे. तासाला १५० रुपये धरले तर ८ गटनायक, आठवड्याला ४ तास, १४ आठवडे, असे मिळून ६७,२०० रुपये होतात. एका चांगल्या लॅपटॉपच्या आसपासची ही रक्कम आहे. पैसे द्याच. फुकटचा गटनायक स्वतःच्या चाचणीच्या आठवड्यात गायब होतो.

बैठक वेळापत्रकात घाला, दुपारी साडेतीनच्या आत. वाळपईच्या पुढच्या मुलांना शेवटची कदंब बस गाठायची असते. ‘सुटल्यावर थांबा’ म्हटले की पहिली गळतात ती हीच मुले, आणि मग आपण म्हणतो की त्यांना रस नाही.

गट पाडताना एखाद्या वाड्यावरून आलेली एकुलती एक मुलगी शहरी मुलांच्या गटात टाकू नका. ती सत्रभर गप्प बसेल. तिच्याबरोबर तिच्यासारखी निदान आणखी एक असू द्या. गटात बोलायची भाषा कोकणी, मराठी, काहीही चालेल. आधी तर्क आपल्या भाषेत मांडायचा, मग तोच इंग्रजीत सांगायचा. दोन्ही ओझी एकाच वेळी उचलायला लावली, की मुले पाठांतराकडे वळतात.

पाठांतराचे मूळ आपल्या जर्नलमध्येही आहे. वीस छापील प्रोग्राम, तेच उतरवायचे, त्यातलाच एक परीक्षेला. मूल जर्नल पूर्ण करते आणि ‘फॉर’ लूपची अट एकने बदलली तर काय छापले जाईल ते सांगू शकत नाही. वीसऐवजी आठच प्रोग्राम ठेवा, पण प्रत्येकाला तीन फिरवलेले उपप्रश्न द्या. पहिले चार आठवडे कागदावर तक्ता करून घ्या : प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, प्रत्येक ओळीनंतर किंमत लिहायची. ओळी विस्कटून देऊन क्रम लावायला सांगणे हाही चांगला सराव आहे, त्यात इंग्रजी लिहावे लागत नाही. संगणकावर दोघांत एक यंत्र. एक टंकेल, दुसरा सांगेल, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल, घड्याळ लावून. घड्याळ नसेल तर ज्याच्या घरी संगणक आहे तोच तासभर टंकत बसतो.

चौथ्या आठवड्यात वीस मिनिटांची चाचणी घ्या. गुण निकालात धरू नका. ज्याला निम्म्याहून कमी पडले किंवा जो सलग तीन तास दिसला नाही, त्याच्याशी त्याच आठवड्यात समोरासमोर बोला. अंतर्गत परीक्षेची वाट पाहिली तर दोन महिने जातात, तोवर मूल मनाने बाहेर पडलेले असते. बोलताना पैशांचे विचारा. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने (तेही कृष्णवर्णीयांचे म्हणून काढलेले नव्हे) २०११ पासून थोड्या रकमेसाठी अडलेल्या मुलांना जास्तीत जास्त अडीच हजार डॉलरची मदत अर्ज न मागवता द्यायला सुरुवात केली, आणि बरीच मुले पदवीपर्यंत गेली. आपल्याकडे हीच अडचण बसपासची, मोबाइल डेटाची, परीक्षा शुल्काची असते. पालक-शिक्षक निधीतून एखाद्या सत्राला पंधरा-वीस हजार बाजूला ठेवता आले तर पुष्कळ होते. त्यासाठी अर्जाचा नमुना छापू नका.

एक धोका सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी निकाल सुधारला की दुसऱ्या वर्षी प्राचार्य म्हणतील, ‘आता फक्त नापासांसाठी ठेवू, खर्च वाचेल.’ तिथेच उपक्रम संपतो. सगळ्या साठ जणांना ठेवले तरच तो चालतो.

आमची वेर्ण्याला मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी आहे. दरवर्षी दहा-बारा नवे पदवीधर घेतो. त्याच दोन-तीन महाविद्यालयांतून, आणि बहुतेक एकाच प्रकारच्या घरांतून येतात. भरती विस्तारायची तर सुरुवात कुठून?
– मनुष्यबळ विभाग प्रमुख

तुमच्या जाहिरातीतल्या ‘दहावी, बारावी आणि पदवीला सलग ६० टक्के’ या ओळीपासून. ती काढा. दहावीचा टक्का मुलाच्या घराविषयी जास्त सांगतो, त्याच्या कोडविषयी कमी. सिलिकॉन व्हॅलीत हीच चाळण नामांकित विद्यापीठांच्या यादीने लागत होती. हॉवर्डची मुले अर्जाच्या ढिगातच राहत.

त्याऐवजी सर्वांना एकच काम द्या : ९० मिनिटांचे, तुमच्या रोजच्या कामासारखे. उदाहरणार्थ, चुकीचा निकाल देणारा दीडशे ओळींचा प्रोग्राम देऊन चूक शोधायला सांगा. ते तुमच्या यंत्रांवर, तुमच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून घ्या. घरून करायला दिले तर काणकोणच्या आतल्या गावात वीज आणि नेट दोन्ही तुमची परीक्षा देतील. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. चार निकष आधी लिहून ठेवा, प्रत्येकाला १ ते ४ गुण. दोन मुलाखतकारांनी बोलण्यापूर्वी आपापले गुण लिहायचे. ‘आपल्यात मिसळेल का?’ हा निकष ठेवू नका. त्या एका वाक्यात सगळी जुनी निवड परत येते.

इंग्रजीचे काय, असे तुम्ही विचाराल. परदेशी ग्राहकाशी बोलणाऱ्या जागेसाठी इंग्रजी तपासा. टेस्टिंगच्या जागेसाठी लेखी इंग्रजी पुरते. मुलाला अडखळताना पाहून त्याला विचार करता येत नाही असे गुण देऊ नका.

इंटर्नशिप पगारी ठेवा. बिनपगारी ठेवली तर जो मडगावात स्वतःच्या घरी राहतो आणि स्कूटरने येतो तोच येईल. सांगे किंवा केपेच्या आतल्या मुलाला वेर्ण्याला यायला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. पहिल्या दोन महिन्यांसाठी खोलीभाडे किंवा वाहन द्या, हजेरी आपोआप सुधारेल. आणि अशा पार्श्वभूमीचा एकच उमेदवार घेऊ नका, निदान तीन-चार एका तुकडीत घ्या. एकटा असला की त्याची प्रत्येक चूक त्याच्या गावाच्या नावावर लिहिली जाते. तो वर्षभरात सोडून जातो आणि पुढच्या वर्षी ‘आम्ही करून पाहिले’ असे अहवालात येते.

महाविद्यालयाशी संबंध जुलैमध्ये एकदा जाऊन पेन-टोप्या वाटून होत नाही. तुमचा एक अभियंता आठवड्यातून एक दुपार, पूर्ण सत्र, एकाच महाविद्यालयात शिकवायला पाठवा. त्याचे तेवढे तास कंपनीच्या कामातून अधिकृतपणे कमी करा. नाहीतर तो दुसऱ्या महिन्यापासून ‘रिलीज आहे’ म्हणून येणार नाही. दोन महाविद्यालये आणि तीन वर्षे, एवढेच घ्या. दहा महाविद्यालयांत एकेक दिवस गेलात तर फोटो मिळतील.

मी केपेला बीसीए दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या कंपन्यांच्या तांत्रिक मुलाखतीची तयारी कधी आणि कशी करू?

आत्ता. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज आदल्या ऑगस्ट-ऑक्टोबरमध्येच घेतात. तिथल्या अनेक छोट्या महाविद्यालयांत डेटा स्ट्रक्चर हा विषय उशिरा येत असल्याने मुले मुलाखतीत मार खात. ज्या महाविद्यालयांनी तो अलीकडे, तिसऱ्या सत्रापर्यंत आणला, त्यांना फरक दिसला. तुमच्या अभ्यासक्रमात तो आला नसेल तर वाट पाहू नका.

क्रम असा : ॲरे आणि स्ट्रिंग, हॅश टेबल, लिंक्ड लिस्ट, स्टॅक-क्यू, बायनरी सर्च आणि सॉर्टिंग, ट्री, मग ग्राफ. डायनॅमिक प्रोग्रामिंग शेवटी. मुले नेमके तेच आधी धरतात आणि कंटाळून सोडतात. दहा आठवडे, आठवड्याला सहा-सात गणिते, त्यातली दोन मित्रासमोर तोंडी. कागदावर लिहा. संगणकावरचा एडिटर चूक लाल करून दाखवतो, कागद दाखवत नाही.

मुलाखत साधारण ४५ मिनिटांची असते. पहिली पाच मिनिटे फक्त प्रश्न विचारा : संख्या किती असू शकतात, ऋण असतील का, यादी रिकामी असेल तर? पुढची दहा मिनिटे रीत बोलून दाखवा, आधी साधी, हळू चालणारी, मग सुधारलेली. वीस मिनिटे कोड. उरलेल्या दहात स्वतःच उदाहरण घेऊन ओळ-ओळ चालवून पाहा. आपल्या मुलांचे नापास होण्याचे मोठे कारण अज्ञान नसते, मौन असते. मोठ्यांसमोर अर्धवट विचार बोलू नये ही घरची शिस्त इथे उलटी पडते. अर्धवट विचारच तिथे गुण मिळवून देतो.

गावडा, कुणबी, वेळीप समाजातील मुलांसाठी गोव्यात असेच स्वतंत्र तांत्रिक महाविद्यालय काढावे का?
– एक शिक्षक, केपे तालुका

आमचे मत : नको. या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला २००३ साली, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा साधारण १० टक्के आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतल्यासारखी बाकीची दारे इथे कायद्याने बंद नाहीत, आणि नव्या इमारतीची निविदा निघेपर्यंत एक पिढी पदवीधर होऊन बाहेर पडेल. साखळी, केपे, खांडोळा, पेडणे इथे सरकारी महाविद्यालये आहेत, डिचोली आणि कुडचडेला सरकारी पॉलिटेक्निक आहे. मुले आधीच तिथे येतात. तिथे कायम शिक्षक भरावेत. सत्रागणिक तासिकेवर नेमलेला शिक्षक गट बांधू शकत नाही, त्याला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हेच ठाऊक नसते. झेवियर किंवा ए अँड टीची ताकद तीस-तीस वर्षे एकाच विभागात राहिलेल्या शिक्षकांची आहे, आणि ती उसनी आणता येत नाही.

राखीव जागा भरली म्हणून काम झाले, असेही नाही. किती जण दुसऱ्या वर्षात गेले आणि किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले, हे दोन आकडे प्रत्येक महाविद्यालयाने वर्गवार फलकावर लावावेत. तुम्ही ते माहिती अधिकारात मागू शकता.

माझ्या मुलीला कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. करायचे आहे. ती हॉवर्ड किंवा नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीला अर्ज करू शकते का? तिच्याकडे वडिलांकडून आलेला पोर्तुगीज पासपोर्ट आहे.
– एक पालक, कळंगुट

करू शकते. या विद्यापीठांत वंशाची अट नाही आणि परदेशी विद्यार्थी तिथे पूर्वीपासून आहेत. हॉवर्डला अमेरिकी विद्यापीठांच्या २०२५ च्या कार्नेगी वर्गवारीत संशोधनाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. तो मिळालेले सध्या ते एकमेव ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ आहे. तेव्हा संशोधनाकडे कल असेल तर विभागातल्या प्राध्यापकांची अलीकडची कामे वाचून त्यांना थेट लिहावे. असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करण्याचे पगारी काम) बहुधा अशा पत्रव्यवहारातून मिळते, आणि ती मिळाली तर फीचा मोठा भाग सुटतो. बी.एस्सी. तीन वर्षांची असेल तर अर्ज करण्यापूर्वी त्या विभागाला ती चालते का ते ई-मेलने लेखी विचारा. काही विद्यापीठांना चार वर्षांची पदवी लागते.

पासपोर्टबाबत गोव्यात एक गैरसमज पक्का आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर अमेरिकेत ९० दिवस व्हिसाशिवाय जाता येते ते फिरायला किंवा छोट्या व्यावसायिक भेटीला. पदवीच्या शिक्षणाला ते चालत नाही. तिलाही भारतीय विद्यार्थ्यासारखाच एफ-१ व्हिसा लागेल : आधी विद्यापीठाकडून आय-२० हा कागद, मग परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी, मग वकिलातीतली मुलाखत. आय-२० साठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च बँकेत दाखवावा लागतो. मुदत ठेवी वडिलांच्या नावावर असतील तर त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडावे. आणि सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. गोवा बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एक आणि पोर्तुगीज पासपोर्टवर दुसरे, आईचे आडनाव मध्ये घातलेले, हे आपल्याकडे फार वेळा होते. तसे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा, अर्जाच्या वेळी धावपळ नको.